झोपेतली हजेरी

जोडव्यांचा उल्लेख आला तेव्हा विरूपाक्षअप्पा हसत होते. हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण पुढे त्यांना सगळ्यात जास्त डाचलं ते हेच, की तेव्हा आपणही हसत होतो. लातुरातल्या त्या बागेत पेन्शनीतल्या म्हाताऱ्यांचं बाकडं ठरलेलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेले एकटे भागवत गुरुजी, म्हणून वाचायचं त्यांनी आणि ऐकायचं बाकीच्यांनी. एरवी पेपर चालायचा. पण त्या आठवड्यात पेपर मागं पडला होता, आणि गुरुजी भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली लपवून एक पुस्तक आणत होते. नांदेडचा कुणी शेषेराव टेकाळे. जन्मभर मराठवाड्यातल्या शाळांना नकाशे, पृथ्वीगोल आणि प्रयोगशाळेचं सामान विकत हिंडला आणि म्हातारपणी त्यानं आपल्या भानगडींचं आत्मचरित्र लिहून काढलं. नाव काय, तर 'गाव तिथं मुक्काम'. एकेका गावाचं एकेक प्रकरण. हदगावला जिनिंगवाल्याची सून, देगलूरला तेलुगू बोलणारी विधवा, आणि किनवटला तर हा गडी अस्वलाला हुलकावणी देऊन झाडावरून थेट खिडकीतून आत. "अप्पा, तुमी जंगलखात्यात होता की किनवटला. असं आस्वल असतंय काय ओ?" मारोती हवालदारानं विचारलं होतं, आणि अप्पा म्हणाले होते, "आस्वल असतंय. पर तिथल्या खिडक्यांना गज असतेत." केवढे हसले होते सगळे! मग गुरुजींनी पान उलटलं, "आलं, आपलं लातूर आलं," म्हणाले, आणि बाकड्यावर सगळे सरसावून बसले. लातूरची बाई मुलींच्या शाळेत मास्तरीण. गोरीपान, भरल्या अंगाची, केस गुडघ्यापर्यंत, गळा गोड. नवरा जंगलखात्यात लांब कुठंतरी, घरी यायचा फक्त शनिवारी. इथवरसुद्धा अप्पा हसतच होते बघा. 'दिवा मालवण्याआधी ती पायांतली जोडवी काढून उशाशी एका वाटीत ठेवायची. वाकळेच्या दोऱ्यांत अडकतात, म्हणायची. वाटीतला तो किणकिणाट म्हणजे आमच्या रात्रीची घंटा.' "हाय! मेला की माणूस!" हवालदार ओरडला आणि बाकडं हसण्यानं हललं. अप्पांचं तोंड हसरंच राहिलं. ते बंद करायचं त्यांना सुचलं नाही.

घरी येऊन ते चपलेसकट आतल्या खोलीत गेले आणि नुसते उभे राहिले. सिंधु जाऊन तिसरं वर्ष चालू होतं. पलंगाच्या उशाला भिंतीत कोनाडा, कोनाड्यात स्टीलची वाटी, एका कडेला चेपलेली. मागच्या दिवाळीला पुण्याहून मल्लेश आला होता, तेव्हा सुनेनं ती घासूनपुसून भांड्यांत लावून टाकली होती. पोरं परत गेल्यावर अप्पांनी ती हुडकून पुन्हा जागेवर आणून ठेवली. रिकामीच. जोडवी सिंधुच्या पायांतच गेली. लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. तिला बसवलं तेव्हा ती थेट वर्गात खुर्चीवर बसल्यासारखी दिसत होती, आणि मागं कुणीतरी मोठ्यानं बोलत होतं त्याला ही आता दम भरणार, असं अप्पांना वाटून गेलं होतं. वाटीचा आवाज त्यांच्या कानात पक्का होता. आधी डाव्या पायाची, मग उजव्या पायाची. किणकिणाट कसला, कोरडा टणक आवाज. पण तो झाला की दिवा जायचा. हा आवाज जगात दोघांनाच ठाऊक, त्यातलं एक माणूस गेलं, उरलो आपण, असं त्यांनी मनाशी धरून ठेवलेलं. आता तोच आवाज भाजीच्या पिशवीत बसून लातूरभर हिंडत होता.

आणि माणसाचं डोकं तरी बघा कसं चालतं. गोरीपान? सिंधु सावळी, काटकुळी. केस जेमतेम पाठीवर येतील एवढे. आणि गळा म्हणाल तर शाळेत राष्ट्रगीतालासुद्धा ती नुसते ओठ हलवायची. झालं तर मग! ही बाई दुसरी कुणीतरी. अप्पा उठून चहा ठेवायचे. चहाला उकळी येईपर्यंत दुसरा विचार वर यायचा, की लिहिणारा काय येडा आहे का, जशीच्या तशी लिहायला? सावळीला गोरी केली, गाता न येणारीला गायला लावलं, ते ओळखू येऊ नये म्हणूनच की. म्हणजे जुळलं तरी तीच आणि नाही जुळलं तरी तीच. ह्या चरकातून सुटका नव्हती. चहा उतू जायचा, शेगडी बरबटायची, आणि अप्पा फडकं हातात घेऊन तिथंच उभे.

शेजारच्या पंचशीलाबाई सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. सिंधुच्या शेवटच्या आजारात त्यांनीच तिचं सगळं केलं होतं. अप्पांनी एकदा त्यांना कुंपणावरून, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "ताई, बाया झोपताना जोडवी काढून ठेवतेत का ओ?" पंचशीलाबाई आधी बघतच राहिल्या, मग हसल्या. "हाव की अप्पा. मी बी काढते. वाकळंचे दोरे गुतत्यात, बोट कापतंय. का ओ?" "काय न्हाई, असंच." तर म्हणजे सगळ्याच काढतात! केवढं ओझं उतरायला पाहिजे होतं! उतरलं नाही. उलट घरात येऊन खुर्चीत बसल्यावर त्यांना रडूच यायला लागलं. आयुष्यभर जे आपल्या एकट्याचं म्हणून जपलं ते घराघरात चालतं, गल्लीतल्या दर घरात एक चेपलेली वाटी आहे. मग आपल्याजवळ तिचं म्हणून नक्की काय आहे?

जवळ तसं थोडंच होतं, हेही खरं. किनवटला ते पुष्कळ वर्षं होते. सिंधुची नोकरी लातूरला, शाळा चांगली, आणि पुढं मल्लेशचं शिक्षण म्हणजे लातूर सोडायचा प्रश्नच नव्हता. शनिवारी निघायचं, एसटीत अंग आंबून रात्री पोचायचं, सोमवारी पहाटे परत. बदलीचा अर्ज करतो करतो म्हणायचे आणि साहेब ऐकत नाही म्हणून सांगायचे. साहेबानं एकदा तोंडानं विचारलं होतं, "लातूरकडं जागा आहे, जाता का?" तेव्हा अप्पा म्हणाले होते, बघतो. किनवटला त्यांचं बरं चाललं होतं. सागाच्या पानांवर पाऊस वाजायचा, रेल्वेची शिट्टी ऐकू यायची, कुणी काही मागायचं नाही. सोमवारी पहाटे बस अहमदपूरच्या पुढं गेली की छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. आता त्या सैल होण्याची त्यांना शिसारी येत होती. सोमवार ते शुक्रवार सिंधु कशी होती हे त्यांना माहीतच नव्हतं. ती काय जेवायची, कुणाशी बोलायची, कशाला हसायची? आठवड्यातली एवढी मोठी सिंधु त्यांनी कधी बघितलीच नव्हती, आणि तेवढ्याच जागेत हा शेषेराव नकाशांची गुंडाळी काखेत मारून येऊन बसला होता.

आणि पृथ्वीगोल! तो आठवला तेव्हा अप्पा जेवत होते. घास तसाच ताटात ठेवला. मल्लेश लहान असताना एका शनिवारी घरात पृथ्वीगोल आला होता. दांडी मोडलेली, हिंदी महासागराला चीर गेलेली. "कुणी दिला?" विचारल्यावर सिंधु म्हणाली होती, "शाळेत नकाशेवाला आला होता. फुटका निघाला म्हणून देऊन गेला. लई बडबड्या माणूस, अहो. मुख्याध्यापिकाबाईंना म्हणतो, मॅडम, तुमच्या लातूरला आम्ही जगाच्या मध्यभागी छापलंय." आणि ती हसली होती. हसताना पदर तोंडाला लावायची तिची पद्धत, तो तेव्हा तिनं लावला नव्हता. हे आठवत होतं, की आता आठवतंय असं वाटत होतं? तो हसरा चेहरा अप्पांनी इतक्या वेळा पुढं आणून बघितला की शेवटी तो झिजला. आता तिथं नुसतं हसणं उरलं होतं, चेहरा नव्हता.

शेवटी त्यांनी गुरुजींकडून, "जरा चाळतो" म्हणून पुस्तक आणलं, आतल्या पानावरचा पत्ता बघितला आणि नांदेडची बस धरली. जाऊन काय करायचं होतं? थोबाडात मारायची होती? छे, ह्या वयात! फक्त एकदा त्या माणसाच्या तोंडाकडं बघून विचारायचं होतं, की बाबा रे, ती कोण? तो खोटारडा आहे हे पानापानावर दिसत होतं. मल्लेश तेव्हा पोर, आणि त्याला असलं कुठल्या तोंडानं विचारणार? ते सोमवार ते शुक्रवार बघितलेला, जिवंत उरलेला दुसरा माणूस कुणी असलाच तर तोच होता. लोह्याला बस थांबली तेव्हा पेरूवाली खिडकीशी आली आणि अप्पांनी सवयीनं पेरू घेतला, मीठ लावून. पेरू सिंधुला आवडायचा. त्यांना स्वतःला दातांमुळं खाता यायचा नाही. तो मांडीवर घेऊन ते नांदेडपर्यंत बसून राहिले.

विष्णुपुरीच्या अलीकडं, कॉलेजच्या पोरांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या घरांच्या रांगेत शेषेरावाचं घर सापडलं. दार सुनेनं उघडलं. तनुजा तिचं नाव. हातातलं पुस्तक बघितलं आणि पोरीचा चेहरा पडला. "काका, तुमी बी भांडायला आलाव का? परवा उदगीरहून एकजण येऊन गेले. बाबांचं मनावर घेऊ नका ओ. लॉजला पैसे नसायचे तर शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकायचे ते. आईला सोडून त्येंनी कुणाकडं वर मान करून बघितलेलं न्हाई." आतून आवाज आला, "कोण हाय? खुद्द वाचक आलाय का? बसव त्याला, चहा टाक!" खाटेवर एक वाळलेला म्हातारा, साखरेनं उजवा पाय गुडघ्यापासून गेलेला, पण केसांना कलप. ह्या माणसानं झाडावरून खिडकीत उड्या मारल्या म्हणे. अप्पांना एकदम आपलीच लाज वाटली.

"लातूर?" शेषेराव म्हणाला. "ते तर भरतीचं प्रकरण हाय, साहेब. प्रकाशक म्हनला, लातूर पाहिजेच, तिथं पुस्तकं खपतात. म्हनून लिहून टाकलं."

"मग ते जोडव्याचं?"

"ते आमच्या हिचं." त्यानं भिंतीवरच्या फोटोकडं हनुवटी केली. हार घातलेली, नाकात मोठी चमकी, साधीसुधी बाई. "तुम्हाला खरं सांगू का? समदं एकीचंच हाय. हदगावची चाल हिची, देगलूरचं रुसणं हिचं, किनवटचे डोळे हिचे. गावागावात वाटून टाकलं. एकाच बाईवर पुस्तक लिहिलं तर कोन वाचतंय? ती गेल्यावर खाटेवर पडून करून काय राहिलो मी? तिला आठवून राहिलो. पर आता सपली ओ. प्रकाशक म्हनतो दुसरी आवृत्ती काढू, वाढवा जरा. कुठून वाढवू? जेवढी होती तेवढी वाटून झाली."

"आणि नवरा जंगलखात्यात, ते?"

"मंग काय बँकेत ठेवू? बँकवाला रोज घरी येतोय!" शेषेराव खाटेवर डुलत हसला.

पृथ्वीगोलाचं विचारलं तर म्हणाला, फुटके गोल किती शाळांना फुकट दिले, कुठं आठवायचं? अप्पांनी त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. खरं बोलत होता. पण हाच माणूस अस्वलाचंही असंच तोंड करून सांगत असणार! तरी त्या घडीला अप्पांनी विश्वास ठेवला, कारण ठेवला नाही तर पुढं जायला वाट नव्हती. आणि तिथं त्यांच्याकडून ती चूक झाली. चहाची बशी खाली ठेवून ते उठले असते तर सगळं निभावलं असतं. ते उठले नाहीत. "आमची अशी नव्हती," ते म्हणाले. "तुमची लातूरची बाई एकदम चुकीची हाय."

"मंग कशी होती?" शेषेरावानं विचारलं आणि उशी पाठीमागं सारून नीट बसला.

कशी होती, असं ह्या तीन वर्षांत अप्पांना कुणीच विचारलं नव्हतं. लोक विचारायचे, कशानं गेल्या? मल्लेश विचारायचा, गोळ्या घेता का? कशी होती म्हटल्यावर त्यांच्या तोंडाला जणू खीळच राहिली नाही. सांगायला लागले. खडूचे हात ती कमरेला डावीकडं पुसायची, म्हणून तिच्या एकूण एक लुगड्याला डावीकडं पांढरा डाग. रागावली की घरातली बोली सोडून पुस्तकातलं मराठी बोलायची, "आपण असे का वागता?" असं, आणि मग स्वतःच हसू दाबायची. पेरूच्या बिया दातांत अडकल्या की दिवसभर जिभेनं हुडकत बसायची. शेषेराव मधे बोलत नव्हता. जन्मभर मुख्याध्यापकांचं ऐकून घेऊन माल खपवलेला माणूस तो, ऐकायचं कसं ते त्याला बरोबर ठाऊक. फक्त "असं?" म्हणायचा, "मग?" म्हणायचा. आणि अप्पांनी ते सांगितलं, जे मल्लेशलाही माहीत नव्हतं. सिंधु झोपेत हजेरी घ्यायची. गाढ झोपेत, डोळे मिटलेले, आणि एकेका पोरीचं नाव स्वच्छ आवाजात. नाव घेऊन थांबायची. उत्तर आलं नाही की कपाळाला आठी, पुन्हा तेच नाव, जरा मोठ्यानं, मग आवाजात काळजी, पोरगी कुठं गेली म्हणून. लग्नानंतर पहिल्यांदा अप्पा घाबरलेच होते. मग एकदा त्यांनी हळूच म्हणून बघितलं, "हजर बाई." आठी गेली. ती पुढच्या नावावर. असं पानभर सगळ्या पोरींची हजेरी अप्पा द्यायचे, पातळ आवाज काढून, आणि शेवटचं नाव झालं की ती कूस बदलून सकाळपर्यंत शांत झोपायची. तिला हे कधी सांगितलं नाही. "मी किनवटला असताना एकच गोष्ट मनात यायची, शेषेराव. आज रात्री हजर कोण म्हनत असंल?"

दारातून तनुजा ऐकत उभी होती, तिनं डोळ्यांना पदर लावला. शेषेरावानं हात पुढं करून अप्पांचा हात धरला. "मोठ्या नशिबाचे तुम्ही," तो म्हणाला, आणि तेही खरंच वाटलं. निघताना अप्पांनी पेरू तनुजाच्या हातात दिला. परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली, आणि लातूर येईपर्यंत कशानंही जाग आली नाही.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. वाईट वाटतं सांगायला, पण सिंधु गेल्यापासूनचे तेच काय ते चांगले दिवस. अप्पा बागेत जायचे, अस्वलावर बोलायचे. तूर निघाली, संक्रांत गेली, ऊन तापायला लागलं. आणि एका संध्याकाळी गुरुजींनी पिशवीतून नवी प्रत काढली. "सुधारित आणि वाढीव आवृत्ती! लातूरचं प्रकरण दुप्पट केलंय गड्यानं." अप्पांना तेव्हाच उठून जाता आलं असतं. पाय उठले नाहीत.

गुरुजी वाचत होते. लातूरची बाई आता सावळी होती. काटकुळी होती. तिच्या लुगड्याला डावीकडं खडूचा पांढरा डाग होता. रागावली की ती म्हणायची, आपण असे का वागता? हवालदार हसायला लागला तो मधेच थांबला. गुरुजींचा आवाजही बदलला, थापा वाचताना लावायचे तो चढा सूर गेला, आणि ते धडा वाचावा तसं वाचायला लागले. 'मध्यरात्री ती हजेरी घेऊ लागली. एकेक नाव. उत्तर आलं नाही की कपाळावर आठी. मी हळूच म्हणालो, हजर बाई. आणि आठी नाहीशी झाली. सोमवार ते शुक्रवार तिच्या सगळ्या मुलींच्या वतीने मी हजर होतो. नवरा शनिवारी यायचा आणि सोमवारी जायचा. थकून झोपायचा बिचारा. ती झोपेत कुणाला हाका मारते, हे त्याला कधी कळलंच नाही.'

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "बाकीचं कायबी असो," मारोती हवालदार म्हणाला, "ही बाई मातर खरी हाय. असलं कुणाला रचता येत न्हाई."

"हिच्यावर ह्यानं जीव लावला होता," गुरुजी म्हणाले. "आणि तो नवरा बघा. घरात सोनं, आणि लेकाच्याला पत्ता न्हाई. काय अप्पा? बोला की. तुमी बी जंगलखात्यातले!"

सगळे अप्पांकडं बघत होते. गमतीनं, प्रेमानंच. आणि अप्पांच्या तोंडापर्यंत आलं होतं, ओरडून सांगावं असं, की हलकटांनो, हजर म्हणणारा मी होतो, ती माझी सिंधु. पण ती माझी म्हटलं की ह्या बाकड्यासमोर, ह्या पानात, त्या शेषेरावाजवळ झोपलेली ती सिंधु ठरत होती. आज बाग, उद्या गल्ली, मग शाळा, मग मल्लेश. तिचं नाव राखायचं तर तिला सोडून द्यायची, आणि तिला आपली म्हणायचं तर तिला ह्यांच्या तोंडी द्यायची. तिसरं काही नव्हतं. अप्पा म्हणाले, "असतेत असले नवरे." आणि सगळे हसले, म्हणून तेही हसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडला फोन लावला. काय बोलायचं ते रात्रभर जुळवलं होतं, शिव्या होत्या, कोर्टाची धमकी होती. फोन तनुजानं उचलला. "बाबा गेले की ओ काका, संक्रांतीच्या आधीच. पुस्तक छापून आलेलं बघाया सुद्धा मिळालं न्हाई. तुमची लई आठवण काढायचे. म्हनायचे, लातूरच्या अप्पाइतकं बायकोवर जीव लावलेला मानूस म्या बघितला न्हाई. त्येच्या बाईला म्या मरू देनार न्हाई, म्हनायचे." "बरं," अप्पा म्हणाले. "जेवत जा वेळेवर." दुसरं काय म्हणणार होते?

प्रत त्यांनी विकत घेतली. जाळायला म्हणून घेतली, असं स्वतःला सांगितलं. दुपारी गल्ली सामसूम असताना ते पलंगावर पडले आणि पुस्तक न उघडता ती हजेरी आठवून बघायला लागले. पहिलं नाव विशाखा. मग शिल्पा, मग सरजा, मग... थांबले. ही नावं बागेत गुरुजींनी वाचलेली, शेषेरावानं घातलेली. अप्पांनी त्याला पोरींची नावं सांगितलीच नव्हती. मग खरी कोणती? सिंधु ज्या पोरींना रात्रभर हाका मारायची त्या कोण होत्या? पंधरा-पंधरा वर्षं ज्यांची हजेरी आपण दिली त्यांतलं एकही नाव तोंडात येईना. जिथं चाचपावं तिथं विशाखा, तिथं शिल्पा, आणि त्याही सिंधुच्याच आवाजात. उशाशी टणक आवाज व्हायचा की किणकिणाट? वाकळ कुठल्या रंगाची होती? ती आठी कपाळावर नेमकी कुठं पडायची? पुस्तकात दोन भुवयांच्या मधे पडत होती. पडतही असेल तिथंच.

अप्पांनी डोळे मिटले. खोलीत कुणी नव्हतं तरी पातळ आवाज काढून, जसा काढायचे तसा, ते म्हणाले, "हजर बाई." आवाज म्हाताऱ्याचा निघाला. कोनाड्यात वाटी होती, बाहेर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली, आणि बाकी काही झालं नाही. थोडा वेळ त्यांनी वाट बघितली. मग त्यांनी पुस्तक घेतलं, लातूरचं पान काढलं आणि शेषेरावाच्या तोंडून ते जसं होतं तसं वाचायला लागले, सावकाश, एकेक नाव. वाचायलाच पाहिजे होतं. तिथं निदान शेवटच्या नावानंतर ती कूस बदलून शांत झोपत होती.